फुलं तोडणाऱ्या हातांचं शिक्षण : पैसा कुठून आणायचा?



दुपारची वेळ आहे. सकाळची तोडणी आटोपली असेल, क्रेट गाडीवर चढले असतील. कुणी चहा टाकला असेल, कुणी हार ओवत बसली असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही फुलांबद्दल बोलणार आहोत, पण फुलांच्या लागवडीबद्दल नाही. फूल तोडणारीच्या, निवडणारीच्या आणि तिच्या लेकीच्या शिक्षणाबद्दल बोलणार आहोत. त्या शिक्षणासाठी अनुदान कुठून मिळतं, ते कसं मागायचं, आणि मागताना आम्ही कुठे चुकलो, हे सगळं सांगणार आहोत.

आपल्या भागात झेंडू आहे, शेवंती आहे, अस्टर आहे, गुलछडी आहे. मावळाकडे पॉलिहाऊसमध्ये गुलाब आणि जरबेरा आहे. सातबारा कुणाच्याही नावावर असो, तोडणीला आपणच असतो. गुलछडीची कळी उन्हं यायच्या आत तोडायची, म्हणून चारला उठणारी बाईच. पॉलिहाऊसमध्ये गुलाब लांबीप्रमाणे निवडून वीस-वीस फुलांची गड्डी बांधणारी बाईच. पण फूलशेतीचं प्रशिक्षण म्हटलं, की खुर्चीवर बसलेले दिसतात ते बहुतेक घरातले पुरुष. आपण चहापुरत्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एकाच दिवशी तीन गोष्टी पुढे आल्या.

पहिली गोष्ट शाळेच्या बाईंनी आणली. त्यांनी हजेरीपट उघडून दाखवला. नवरात्र सुरू झालं, की सातवी-आठवीच्या मुली गैरहजर. दसरा झाला की चार दिवस येतात, दिवाळीची तोडणी लागली की पुन्हा गायब. सत्र परीक्षा त्याच दिवसांत. बाई म्हणाल्या, "मुली हुशार आहेत, पण वर्गात नसतात." एक ताई लगेच म्हणाली, "बाई, वर्षाचा पैसा त्या दहा दिवसांत होतो. मजूर मिळत नाही. मी काय करू?" तिला कुणीच उत्तर दिलं नाही, कारण आमच्यातल्या निम्म्या जणींच्या घरात तेच चाललं होतं.

दुसरी गोष्ट पट्टीची. एका मावशीने पदरातून आडत्याची पट्टी काढली. पुण्याच्या मार्केट यार्डात माल गेला होता. तिने घरी मोजून अकरा क्रेट दिले होते, पट्टीवर वजन भरलं होतं ते तिला कमी वाटत होतं. भाव काय, हमाली किती, तोलाई किती, गाडीभाडं कुठे धरलं, काहीच कळत नव्हतं. पोरगा कामाला बाहेरगावी, नवरा म्हणतो "असंच असतं". मावशीचं आयुष्य फुलांत गेलं, पण पट्टी तिला परकीच राहिली.

तिसरी गोष्ट औषधाची. शेवंतीवर फवारा मारला त्याच दिवशी दुपारी एक मुलगी ओल्या झाडांत खुरपायला गेली. रात्री उलट्या झाल्या, डोळे चुरचुरले. दवाखान्यात न्यावं लागलं. ती बरी झाली. पण बाटलीवरचा त्रिकोण लाल होता की पिवळा, हे घरात कुणालाच सांगता आलं नाही. त्या त्रिकोणाला काही अर्थ असतो, हेच माहीत नव्हतं.

तिन्ही गोष्टी ऐकून आम्ही म्हटलं, या वेगवेगळ्या नाहीत. मूळ एकच आहे. ज्या कामावर आपलं घर चालतं, ते काम आपल्याला कुणी नीट शिकवलंच नाही. आणि शिकवायचं तर पैसा लागतो.

पहिला अर्ज आणि पहिली फजिती

आम्ही अर्ज केला. खरं सांगायचं तर अर्ज म्हणजे एक ओळ होती: "आमच्या गावातील महिलांना फूलशेतीचे प्रशिक्षण व अनुदान मिळावे, ही विनंती." खाली तीस सह्या. तो अर्ज ज्या टेबलावर गेला तिथेच राहिला. चार फेऱ्या मारल्यावर तिथल्या माणसाने विचारलं, "ताई, नेमकं काय पाहिजे? रोपं पाहिजेत, शेड पाहिजे, का शिकायचं आहे?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

पुढे एका संस्थेमार्फत प्रशिक्षण मंजूर झालं. तीन दिवसांचं, तालुक्याला, सकाळी दहा ते पाच, आणि नेमकं घटस्थापनेनंतर. तीस नावं दिली होती, गेल्या नऊ जणी. संध्याकाळी आमच्यापुढे हजेरीचा कागद आला. बाकीच्या एकवीस जणींच्या सह्या तुम्हीच करून टाका, म्हणजे कार्यक्रम पूर्ण दिसेल, असं सांगण्यात आलं. आम्ही नाही म्हटलं. उरलेले दोन दिवस झालेच नाहीत.

गावात आल्यावर बोलणी आम्हालाच बसली. "सह्या केल्या असत्या तर काय बिघडलं असतं? निदान प्रमाणपत्र तरी मिळालं असतं." काही जणी महिनाभर बैठकीला आल्या नाहीत. आम्हालाही रात्री झोप लागेना. आपण गटाचं नुकसान केलं का, असं वाटायचं. पण मैत्रिणींनो, खोटी सही झाली असती, तर कागदोपत्री आपलं गाव 'शिकलेलं' झालं असतं. पुन्हा मागायला गेलो असतो, तर उत्तर आलं असतं, "तुमचं झालंय की!" मावशीला पट्टी वाचता आली नसती, आणि तिच्या नावावर प्रमाणपत्र निघालं असतं. आमचं चुकलं ते दुसरीकडे: वेळ आणि जागा कोणती हवी, हे आम्ही अर्जात लिहिलंच नव्हतं. ज्यांना तोडणी माहीत नाही, ते तोडणीच्या दिवसांतच प्रशिक्षण ठेवणार.

अनुदान, कर्ज आणि फिरता निधी

पुढे जाण्याआधी एक फरक लक्षात घेऊ. गटाला मिळणारा फिरता निधी आपसांत कर्ज देण्यासाठी असतो. तो फिरत राहिला पाहिजे. बँकेचं कर्ज व्याजासकट फेडायचं असतं. अनुदान परत करायचं नसतं, पण ते ज्या कामासाठी दिलं त्याच कामाला लागलं पाहिजे आणि त्याचा हिशोब द्यावा लागतो. शिक्षणाचं अनुदान बहुतेक वेळा आपल्या हातात रोख येतच नाही. ते शिकवणाऱ्या संस्थेकडे जातं, आणि आपल्याला प्रशिक्षक, साहित्य, जेवण, सहलीची गाडी या रूपात मिळतं. म्हणून "अनुदान खात्यावर कधी पडणार?" हा प्रश्न इथे लागू होत नाही. "आम्हाला काय शिकवणार, कोण शिकवणार, कधी शिकवणार?" हा प्रश्न विचारायचा.

दारं कोणती?

आता एकेक दार सांगतो. वहीत लिहून घ्या.

पहिलं दार कृषी विज्ञान केंद्राचं. देशातलं पहिलं केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला सुरू झालं. आज आपल्या राज्यात प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यात केंद्र आहे, काही जिल्ह्यांत दोन आहेत. शेतकऱ्यांना आणि शेतकरी महिलांना शिकवणं हेच त्यांचं काम आहे, आणि त्यासाठी त्यांना सरकारी निधी मिळतो. तिथे उद्यानविद्येचे तज्ज्ञ असतात, बऱ्याच ठिकाणी गृहविज्ञानाच्या ताईही असतात. मागणी लेखी गेली आणि गट तयार असला, तर ते गावात येऊन शिकवतात.

दुसरं दार 'आत्मा'चं, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेचं. ही प्रत्येक जिल्ह्यात आहे आणि तालुक्यालाही तिची माणसं असतात. प्रशिक्षण, शेतीशाळा, प्रात्यक्षिक, अभ्यास सहल अशी कामं यातून होतात. या योजनेच्या नियमात किमान ३० टक्के निधी महिला शेतकरी आणि महिला कार्यकर्त्यांसाठी ठेवायचा आहे. हा आकडा पाठ करा. कृषी कार्यालयात गेलात की नम्रपणे विचारा, "साहेब, आपल्या तालुक्यात यंदा महिलांच्या वाट्याचं काय काय ठरलंय?" आमचा अनुभव असा, की हा प्रश्न विचारल्यावर आमच्यासाठी खुर्ची सरकवली गेली.

तिसरं दार नाबार्डचं. १९९२ साली बचत गटांना बँकेशी जोडण्याचं काम नाबार्डने सुरू केलं, हे आपल्यातल्या जुन्या गटांना माहीत आहे. पण नाबार्ड जुन्या, चांगल्या चाललेल्या गटांच्या महिलांना उद्योगाचं प्रशिक्षण देण्यासाठीही अनुदान देतं. ते अनुदान गटाला थेट मिळत नाही, संस्थेमार्फत येतं. जिल्ह्याला नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक असतात. त्यांना भेटताना एकटा गट जाऊ नये, ग्रामसंघ किंवा प्रभागसंघ म्हणून जावं.

चौथं दार ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचं. ती बँका चालवतात. प्रशिक्षण मोफत, राहणं-जेवणही मोफत. वयाची अट असते, ती आधी विचारून घ्या. सुकलेल्या फुलांपासून अगरबत्ती करायची असेल, तर अगरबत्तीचं प्रशिक्षण तिथे होतं. फुलांचे भाव पडतात, माल उकिरड्यावर जातो, तेव्हा हे शिक्षण कामाला येतं.

पाचवं दार पॉलिहाऊसमध्ये काम करणाऱ्या आपल्या बहिणींसाठी. तळेगाव दाभाड्याला राज्य कृषी पणन मंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे. नेदरलँड्सच्या तांत्रिक मदतीने ते २००२ साली उभं राहिलं. हरितगृहातली फुलं, काढणीनंतरची निगा हे सगळं तिथे प्रत्यक्ष शिकवतात. तिथे शुल्क असतं, म्हणून ते शुल्क कोणत्या योजनेतून किंवा कोणाच्या मदतीतून भरता येईल, हे आधी ठरवायचं. शिवाय पुण्यात देशाचं पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे. अशा केंद्रीय संस्थांकडे अनुसूचित जाती आणि जमातीच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा निधी असतो, त्यातून प्रशिक्षण होतं आणि साहित्यही देतात. आपल्या वस्तीवरच्या मैत्रिणींना हे कुणी सांगत नाही. ते आपण सांगायचं.

ज्यांना दहा-पंधरा वर्षांचा हात आहे, त्यांनी पुन्हा पहिलीपासून शिकायची गरज नाही. कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. फूलशेतीच्या कामालाही असे ठरवलेले अभ्यासक्रम आहेत. रोजंदारीवरची बाई आणि प्रमाणपत्र असलेली सुपरवायझर यांच्या पगारात फरक पडतो, म्हणून आपल्या भागात ही परीक्षा कोण घेतं, याची चौकशी कौशल्य विकासाच्या जिल्हा कार्यालयात करा.

सहावं दार सगळ्यात जवळचं, आपली ग्रामपंचायत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकांसाठी खर्च करायचा असतो. जिल्हा परिषदेतही महिला व बालकल्याणासाठी असाच १० टक्के वाटा असतो. गावच्या आराखड्याच्या ग्रामसभा दरवर्षी २ ऑक्टोबरपासून सुरू होतात. आणि त्या दिवसांत आपण कुठे असतो? झेंडूच्या वावरात! आपली मागणी मांडली जात नाही, कारण ती मांडणाऱ्या बायका तोडणीला असतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असा कायदाच आहे. ती सभा दुपारी किंवा रात्री जेवणानंतर घ्या, असं सरपंचांना आधीच लेखी द्या. आम्ही दिलं. पहिल्या वर्षी बारा जणी आल्या, दुसऱ्या वर्षी देवळाचा मंडप भरला.

सातवं दार कंपन्यांचं. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. शिक्षण, रोजगाराचं कौशल्य, महिलांचं सक्षमीकरण हे सगळं त्यात बसतं. पण हा पैसा बचत गटाला थेट मिळत नाही. त्यासाठी नोंदणी असलेली संस्था मधे लागते. म्हणून अशी संस्था निवडताना तिचा मागचा हिशोब मागा. मागायला लाजू नका. पैसा आपल्या नावावर येणार आहे.

दुसरा अर्ज

एवढी दारं फिरल्यावर आम्ही दुसरा अर्ज लिहिला, कृषी विज्ञान केंद्राला आणि त्याची प्रत 'आत्मा'ला. या वेळी एक ओळ नव्हती, दीड पान होतं. त्यात काय लिहिलं, ते सांगतो, कारण तेच तुम्हाला उपयोगी पडेल.

आधी आम्ही कोण, ते लिहिलं. किती गट, किती महिला, त्यांतल्या किती जणी स्वतःच्या शेतात आणि किती जणी मजुरीला. मग काय अडतं, ते लिहिलं: पट्टी वाचता येत नाही, औषधाच्या खुणा कळत नाहीत, फूल कोणत्या अवस्थेत तोडावं आणि कसं भरावं याचं ज्ञान ऐकीव आहे. मग काय शिकायचं, ते लिहिलं. ते चारच विषयांत बसवलं. सगळंच शिकवा म्हटलं, की काहीच पक्कं होत नाही.

मग वेळ. आषाढात, झेंडूची लावण उरकल्यावर, दुपारी एक ते चार. एका आठवड्यात दोनच दिवस. जागा तालुक्याला नाही, गावातच, देवळाच्या सभामंडपात. लहान मुलं सांभाळायला अंगणवाडीच्या मदतनीस ताईंना विनंती. आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं आणि खऱ्या वस्तू: खरी पट्टी, रिकामी बाटली, खरा वजनकाटा.

मग खर्च आणि आपला वाटा. जागा आमची, चहा आमचा, सतरंज्या आमच्या, एका दिवसाचं जेवण आमचं. आपण काहीतरी घालतो असं दिसलं, की समोरचाही हात सैल सोडतो. आणि शेवटी, शिकलं की नाही हे कसं तपासणार, तेही लिहिलं: दसऱ्याच्या हंगामानंतर प्रत्येकीने आपली पट्टी बैठकीत आणून वाचून दाखवायची.

अर्जाला ग्रामसंघाचा ठराव जोडला, सभासदांची यादी जोडली, बँकेच्या पासबुकाची प्रत जोडली. आपलं प्रोसिडिंग बुक नीट असेल, तर ही कागदं एका दुपारी तयार होतात. नीट नसेल, तर तिथेच घोडं अडतं. आणि अर्ज पाठवला जानेवारीत. सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होतं, वर्षाचे आराखडे त्याआधी होतात. मे महिन्यात जाऊन मागितलं, तर "आता पुढच्या वर्षी" हेच ऐकायला मिळतं. अर्ज दिल्यावर आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही.

प्रशिक्षण झालं. सहा दुपारी. रोज पंचवीस-सव्वीस जणी हजर, सह्या आणि अंगठे ज्यांचे त्यांनीच केलेले.

त्या मावशीबद्दल सांगतो. दसऱ्यानंतरच्या बैठकीत तिने पट्टी वाचली. वजन, भाव, एकूण, मग वजावट. एका ठिकाणी थांबली आणि म्हणाली, "हे भाडं दोनदा धरलंय." आम्ही तिघींनी पुन्हा पाहिलं. खरंच दोनदा धरलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः फोन लावला. चूक मान्य झाली, पुढच्या पट्टीत रक्कम वळती झाली. रक्कम फार मोठी नव्हती. पण त्या दिवसापासून तिच्या घरातली पट्टी आधी तिच्या हातात येते.

औषधाचंही सांगतो. बाटलीवरचा त्रिकोण लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. कमी म्हणजे निर्धोक नव्हे. हे आता आमच्या वाडीतली पोरंही सांगतात. फवारा मारलेल्या वावराच्या बांधाला लाल फडकं बांधायचं आणि ते असेपर्यंत आत जायचं नाही, असा नियम आम्ही केला. शेवंतीच्या चिकाने ज्यांच्या हाताला खाज सुटते, त्या आता हातमोजे घालून तोडतात.

आणि मुलींचं काय?

हा प्रश्न कोणत्याच प्रशिक्षणाने सुटला नाही. तो आपल्याच घरातला होता. आम्ही बैठकीत दोन गोष्टी ठरवल्या. दसऱ्या-दिवाळीच्या दिवसांत चार-चार घरांनी सावड करायची: आज तुझं वावर, उद्या माझं. आणि मुलींनी हात लावायचा तर शाळेच्या आधी, परीक्षेच्या दिवशी नाही. त्या वर्षी हजेरी सुधारली. सगळ्यांची नाही. दोन मुली तरीही घरी राहिल्या, एकीची आई आजारी होती आणि दुसरीच्या घरी कुणी ऐकलंच नाही. त्यांच्यासाठी शाळेच्या बाईंनी संध्याकाळी वेळ दिला. ते फुकट का करून घ्यायचं? वह्या, दिवा, येण्याजाण्याचा खर्च कुणी द्यायचा?

तिथून आमची 'फूलपेटी' निघाली. बाजाराला जाणाऱ्या प्रत्येक क्रेटमागे एक रुपया. गटाच्या बचतीपासून वेगळी वही, वेगळा हिशोब, तीन जणींच्या सह्या. त्यातून हंगामातला संध्याकाळचा वर्ग चालतो आणि मुलींच्या परीक्षा शुल्काला मदत होते.

हे काही आमचंच डोकं नव्हे. केनियात नैवाशा तळ्याभोवती गुलाबाचे मोठमोठे मळे आहेत, तिथली फुलं युरोपला जातात. त्यांतल्या ज्या मळ्यांना 'फेअरट्रेड'चं चिन्ह मिळालंय, त्यांच्या त्या चिन्हाखाली विकल्या गेलेल्या फुलांवर किमतीच्या १० टक्के जादा रक्कम मिळते. ती मालकाला मिळत नाही, कामगारांनी निवडलेली समिती ती कशावर खर्च करायची ते ठरवते. त्यातून शाळेच्या खोल्या आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या झाल्या आहेत. अमेरिकेत फूल पिकवणाऱ्या आणि विकणाऱ्या लोकांनी १९६१ साली आपल्या धंद्यातूनच एक निधी उभा केला, त्यातून आजही संशोधनाला आणि फूलशेती शिकणाऱ्या मुलांना मदत मिळते. सरकारकडे हक्काने मागायचंच. पण आपल्या फुलातला एक पैसा शिक्षणाला बाजूला काढला, तर मागणाऱ्या हाताला वजन येतं. पुढच्या अर्जात आम्ही फूलपेटीची वही जोडली, तेव्हा ते कळलं.

मोठ्या मुलींसाठी एक सांगायचं राहिलं. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलंय. प्रवेश शासकीय प्रक्रियेतून झालेला हवा. यात कृषी आणि उद्यानविद्येच्या पदव्याही येतात. म्हणजे झेंडू तोडणारीची लेक उद्यानविद्येची पदवीधर होऊन याच गावात शिकवायला येऊ शकते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आत्तापासून काढून ठेवा, बारावीच्या निकालानंतर धावपळ नको.

सावध राहा

दोन-तीन इशारे. अनुदान मंजूर करून देतो, आधी पैसे भरा, असं कुणी म्हणालं तर त्याला चहाही पाजू नका. कोऱ्या कागदावर, कोऱ्या हजेरीपटावर सही किंवा अंगठा देऊ नका. आधार कार्डाची प्रत दिली तर तिच्यावर कशासाठी दिली ते लिहा. प्रशिक्षण झाल्यावर गटाच्या हातून झालेल्या प्रत्येक खर्चाची पावती जपून ठेवा आणि पैसा ठरल्या कामालाच लागला हे दाखवणारं विनियोग प्रमाणपत्र वेळेत द्या. एकदा हिशोब अडकला, की पुढचं दार बंद होतं, आपल्यासाठी आणि शेजारच्या गावासाठीही.

मैत्रिणींनो, महात्मा जोतिराव फुल्यांचं घराणं मूळचं गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांना फुलं पुरवायचा धंदा केला, म्हणून आडनाव फुले पडलं. त्याच घरातून १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, आणि सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या. फुलांच्या घरातून मुलींची शाळा निघू शकते, हे आपल्याला बाहेरून कुणी शिकवायला नको.

आता पुढच्या बैठकीचं काम सांगतो. एक, प्रत्येकीने घरातली एक पट्टी आणि औषधाची एक रिकामी बाटली पाहून ठेवायची. बाटलीला हात लावू नका, त्रिकोणाचा रंग तेवढा लिहून आणा. दोन, आपल्या गटाला कोणते चार विषय शिकायचे आहेत, ते ठरवून वहीत लिहायचं. तीन, आपल्याकडे कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी हात मोकळे असतात, ते लिहायचं. एवढं झालं, की तुमचा अर्धा अर्ज तयार झाला.

अर्ज लिहिताना अडलं तर शेजारच्या गावच्या गटाला विचारा. आम्हीही विचारतच शिकलो, आणि अजून शिकतोय. आमच्या त्या दोन मुलींपैकी एक यंदा परीक्षेला बसली आहे. दुसरीच्या घरी आम्ही पुन्हा जाणार आहोत, या दसऱ्याच्या आधी.

चला, उन्हं उतरायला लागली असतील. पाणी धरायची वेळ झाली. नमस्कार.